कुणाला इच्यारून हलवलं?

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात दुपारी बारानंतर जी गर्दी होते ती सगळी हातात कागद धरून होते. आधारची प्रत, पासबुकाचं पहिलं पान, दाखला, उतारा. काउंटरमागं विशी-बाविशीचा पोरगा. एक हात मशीनच्या झाकणावर, दुसऱ्या हातात मोबाईल. त्या दिवशी दुकानातला कॉम्प्युटर सकाळपासून गोल गोल फिरत बसला होता, म्हणून सगळा कारभार मोबाईलवर चालला होता. पान मोबाईलवर उघडायचं आणि वायफायवरून प्रिंटरला सोडायचं. समोर करवीरमधल्या कुठल्याशा गावाहून आलेले एक आबा. अनुदानाच्या गाववार यादीत आपलं नाव आलंय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पोरानं यादी उघडली. सहाशेच्या वर नावं, एकाखाली एक, अक्षर मुंगीएवढं. त्याचा अंगठा सवयीनं वर उजव्या कोपऱ्यात गेला, तिथं तीन टिंबं नव्हती; ती खाली दिसली, ती दाबली आणि अंगठा न बघता मधे एका जागी टेकला. तिथं 'पानात शोधा'चं भिंग असायचं. त्याऐवजी ब्राउझरचा रंग बदलायचं पान उघडलं. निळा हवा, गुलाबी हवा, की मावळतीचा?

"आबा, जरा थांबा हं. काल हितंच हुतं."

"काय हुतं?"

"नाव हुडकायचं भिंग. रातीत मेनू बदललाय ह्येंनी."

आबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. "फोन तुझा न्हवं? मग कुणाला इच्यारून हलवलं?"

पोरगा हसला. मागं रांगेत उभी असलेली दोघंतिघंही हसली. भिंग काही लवकर सापडेना, तेव्हा त्यानं सरळ सगळी यादीच छापली, चौदा पानं. आबा स्टुलावर बसले आणि पहिल्या नावावर बोट ठेवून खाली उतरत गेले, पेरणीला कुरीमागं चालावं तसे. आठव्या पानावर त्यांचं नाव निघालं. पोरानं सत्तरच्या जागी पन्नासच घेतले. प्रश्नाचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही, आणि तो प्रश्न तिथून निघाल्यावरही कानात घुमत राहिला.

ब्राउझरचं नाव इथं लिहीत नाही, कारण तो एकच दोषी असता तर लिहिण्याजोगं काही उरलंच नसतं. पण बदल नेमका काय झाला तो बघण्यासारखा आहे. जुना मेनू म्हणजे एक साधी उभी यादी होती. वर पुढं जायचा बाण, चांदणी, खाली येणारा बाण आणि रिफ्रेशचं गोल चिन्ह, ही चार एका ओळीत. मग शब्द: नवीन टॅब, इतिहास, डाउनलोड, बुकमार्क, शेअर, प्रिंट, पानात शोधा, होम स्क्रीनवर जोडा, डेस्कटॉप साइट, सेटिंग्ज. दिसायला किराणा मालाच्या यादीसारखी. शोध घ्यायचा तर दोनदा बोट लावायचं, टिंबं आणि शब्द. खरं तर दोनदासुद्धा नाही. टिंबांवर बोट टेकवून न उचलता तसंच खाली घसरवत न्यायचं आणि हव्या त्या ओळीवर सोडायचं, एका दमात काम. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, हाताला सापडलेलं होतं. नव्या मेनूत टिंबं खाली आली. ती दाबली की अर्ध्या स्क्रीनएवढा पडदा वर येतो, त्यावर गोल गोल चित्रं, चार-चारच्या दोन ओळी. रंग, वॉलपेपर, ऑफर्स, काहीतरी विचारायचं एक चमचमतं चिन्ह. भिंग बघायचं तर हा पडदा आणखी वर ओढायचा, मग 'साधने' नावाची ओळ, तिच्या आत भिंग. चार टप्पे. त्यातही ओढायचं ते वरच्या बारक्या आडव्या रेघेला धरून. चित्रांवरून ओढलं तर कधी चित्र उघडतं, कधी पडदाच मिटतो आणि पहिल्यापासून सुरुवात. प्रिंट गेलं शेअरच्या पोटात. डेस्कटॉप साइटची टिक गेली पत्त्याशेजारच्या चिन्हाच्या आत, तिथून 'या साइटसाठी', तिथून पुढं. पुढं जायचा बाण तर दिसेनासाच झाला. तो मागं जायच्या बाणावर बोट दाबून धरल्यावर येतो, हे कळायला दुसऱ्याचा फोन बघावा लागला.

झेरॉक्सच्या दुकानात बसून मेनूबद्दल बोलायला एक गंमतशीर कारणही आहे. अनेक ॲपमध्ये मेनूसाठी ज्या तीन आडव्या रेघा दिसतात, त्या १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्याच 'स्टार' नावाच्या कॉम्प्युटरसाठी नॉर्म कॉक्स या डिझायनरनं काढल्या होत्या. आत यादी आहे हे दाखवायला यादीचंच चित्र. आपल्याकडं कंपनीचं नाव कागदाच्या प्रतीला चिकटलं, आणि तिच्या रेघा पोराच्या खिशातल्या फोनात येऊन बसल्या. तीन टिंबं त्यामानानं अलीकडची. आधी अँड्रॉइड फोनला खाली मेनूचं खरंखुरं बटण असायचं. २०११ च्या आसपास ते गेलं आणि टिंबं स्क्रीनवर आली. म्हणजे मेनूची जागा याआधीही हललेली आहे. आपण तेव्हाही कुरकुरलो असणार. आता आठवत नाही, एवढंच.

शिवाजी उद्यमनगरात एखाद्या जुन्या टर्नरला लेथवर आटे पाडताना बघावं. चक फिरतोय, टूल सरकतंय, नजर टूलच्या टोकावर खिळलेली. डावा हात क्रॉस स्लाइडच्या हँडलवर, उजवा हाफ नटच्या दांडीवर. टूल शेवटाला पोचलं की डाव्या हातानं ते मागं घ्यायचं आणि त्याच क्षणी उजव्या हातानं दांडी उचलून नट सोडवायचं, म्हणजे टूलची चाल थांबते. मिनिटाला ६० फेरे आणि २ मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, धरला तर टूल सेकंदाला २ मिलिमीटर पुढं जातं; शेवटाला खाच असते तीन-चार मिलिमीटरची. म्हणजे दोन्ही हातांना मिळून जेमतेम दीड-दोन सेकंद. त्या वेळात दांडी कुठं आहे हे बघायला मान वळवली तर टूल जॉबच्या, म्हणजे फिरणाऱ्या तुकड्याच्या, खांद्यात घुसलंच, आणि जॉब भंगारात. दांडीची जागा त्याच्या डोक्यात नसते, मनगटात असते. पुढं सीएनसी आल्या, दांड्या गेल्या, बटणं आली, त्याबद्दल उद्यमनगरात कुणी फार रडत बसलं नाही. पण सीएनसी आली ती नवी मशीन म्हणून ट्रकमधून आली, क्रेननं उतरली, तिच्यासाठी नवा फाउंडेशन घातला. जुना लेथ कोपऱ्यात आपल्या दांड्यांसकट तसाच राहिला आणि अजून एखादा बारका जॉब काढून देतो. रात्री कुलूप लावून गेल्यावर सकाळी त्याच लेथची दांडी डावीकडं सरकलेली, असं कधी झालं नाही.

फोनात मात्र नेमकं तेच होतं.

असं का करतात, याला कारणं आहेत आणि ती सगळीच खोटी नाहीत. फोन मोठे झाले. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, थांब्यावर, दुकानात फोन वापरणाऱ्या १,३३३ जणांच्या नोंदी केल्या. त्यातल्या स्क्रीनवर बोट चालवणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हातानं फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्यानं काम करताना दिसले. साडेसहा इंची फोनात वरचा उजवा कोपरा म्हणजे त्या अंगठ्याला पन्हाळाच. केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, गर्दीत एका हातानं दांडी धरून उभ्या राहिलेल्या बाईला तिथं पोचायचं तर फोन तळहातावर सरकवावा लागतो, आणि तो बसच्या पायरीवरून खाली जातो. टिंबं खाली आणली हे बरंच झालं. पॉल फिट्सनं १९५४ मध्येच मांडून ठेवलंय की ठिकाण जितकं जवळ आणि जितकं मोठं तितकं बोट लवकर पोचतं. तक्रार टिंबं खाली आणल्याची नाहीच. खाली आणताना यादीतून जे गाळलं, त्याची आहे.

गाळायचं काय ते ठरतं मोजणीवर. कोणत्या बटणाला दिवसात किती बोटं लागली हे ब्राउझर मोजतो आणि कळवतो. मागं जा, नवीन टॅब, इतिहास यांच्यापुढं 'पानात शोधा' आणि 'प्रिंट' कुठंच टिकत नाहीत. शंभरातले चार-दोन ते वापरत असतील तर गेले आत. पण ही मोजणी म्हणजे नदीकाठच्या प्रयाग चिखलीत मे महिन्यात जाऊन नावेचा उपयोग मोजण्यासारखी आहे. नाव उलटी पडलेली, खाली कुत्री झोपलेली, वरून पोरं उड्या मारतायत. अकरा महिने तिचा उपयोग शून्य. कुणी शहाणा म्हणेल, विका. जुलैच्या शेवटी नदी शेतातून घराकडं चालत यायला लागली की मग मोजा म्हणावं.

आणि पुराचंच निघालं म्हणून रिफ्रेशच्या बटणाबद्दल. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघणं हा या गावाचा ठरलेला कार्यक्रम आहे. ३९ फूट ओलांडली की फोन सुरू होतात, ४३ फूट जवळ आली की घरातलं सामान वर चढायला लागतं. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना त्या आकड्यासाठी रात्री दोन वाजता जाग येते. अशा वेळी पान ताजं आहे की तासाभरापूर्वीचं, हा साधा प्रश्न राहत नाही. नव्या मेनूत रिफ्रेशचं गोल चिन्ह गेलं. पान खाली ओढा म्हणे, आपोआप ताजं होतं. होतं, पण पान अगदी वरच्या टोकाला असेल तरच. ज्या पानात आत दुसरी सरकणारी चौकट असते, नकाशा असतो किंवा लांब तक्ता असतो, तिथं ओढणं त्या चौकटीला लागतं, ब्राउझरला पोचतच नाही. मग माणूस ओढत राहतो आणि जुनाच आकडा बघून निर्धास्त झोपतो. याला उपाय एकच, पत्त्याच्या पट्टीत बोट टेकवायचं, तोच पत्ता परत आणायचा आणि कीबोर्डवरचा 'जा' दाबायचा. तरीही तोच आकडा आला तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा अंक लावून पाठवायचा. बहुतेक साइट ते पान वेगळं समजून नव्यानं देतात. वीज गेलेली, रेंजच्या दोन काड्या, आणि घरातली चार माणसं "किती झाली?" म्हणून विचारतायत, अशा वेळी हे आठवलं तर.

थोडक्यांच्या कामाच्या गोष्टी आत लपवल्या की काय होतं, हे मराठी वाचणाऱ्यांना तरी सांगायला नको. की-पॅडच्या फोनांचा काळ आठवून बघा. ऑपेरा मिनी हा ब्राउझर २००६ पासून सगळीकडं मिळायला लागला. पान त्यांच्या सर्व्हरवर आवळून छोटं करून पाठवायचा, त्यामुळं टूजीवरही चालायचा. २ दाबलं की पान वर, ८ दाबलं की खाली. फक्त मराठी साइट उघडली की सगळे चौकोन. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन, मधेच एखादा इंग्रजी आकडा. फोनात देवनागरी फॉन्टच नव्हता. त्यावर तोड होती, पण ती मेनूत नव्हती, सेटिंग्जमध्येही नव्हती. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', मग कोलन, मग 'कॉन्फिग' असं इंग्रजीत टाइप करायचं. एक रुक्ष पान उघडायचं, आणि त्यात तळाला एक ओळ: किचकट लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचे का? तिथं 'नाही' असायचं, ते 'हो' करायचं आणि सेव्ह दाबायचं, बस्स. त्यानंतर पान उघडलं की चौकोनांच्या जागी मराठी. जरा जाडसर, किंचित खरखरीत, कारण ती अक्षरं नव्हतीच, सर्व्हरनं अक्षरांची चित्रं काढून पाठवलेली असायची. पान जड व्हायचं, पैसे जास्त कापले जायचे. तरी मिरजकर तिकटीवरच्या चहाच्या गाड्यावर चार अंगुळाच्या त्या स्क्रीनवर मराठी उमटलेलं बघून माणसं एकमेकांच्या हातात फोन द्यायची. ही ओळ एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला शिकवली. कुणी पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवली. जगभरच्या मोजणीत त्या ओळीला किती टक्के आले असतील? तेव्हा कुणी मोजून ती काढून टाकली असती तर आपल्या हातात चौकोनच राहिले असते.

म्हणूनच 'कोण वापरतं हे?' हा प्रश्न ऐकला की कान टवकारतात.

हा खेळ जुना आहे. विंडोज ८ नं २०१२ मध्ये स्टार्टचं बटण काढलं, पुढच्या वर्षी ८.१ मध्ये परत आणून ठेवलं. मोबाईलवरचा फायरफॉक्स ऑगस्ट २०२० मध्ये नव्यानं बांधून आला तेव्हा त्यात मूठभरच ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या सोयी, चालायचे. जुने वापरणाऱ्यांची झोळी रिकामी झाली, आणि सगळ्यांसाठी दार परत उघडायला डिसेंबर २०२३ उजाडला. २०२१ मध्ये क्रोमनं मोबाईलवर टॅबचे ग्रुप आणले आणि लिंक दाबून धरल्यावरच्या यादीत 'ग्रुपमध्ये नवीन टॅब उघडा' येऊन बसलं. सवयीच्या जागी बोट ठेवणाऱ्यांचे टॅब नको तिथं जमा व्हायला लागले. लोकांनी 'फ्लॅग्ज' नावाच्या प्रयोगाच्या सेटिंग्जच्या चोरदरवाज्यातून ते बंद केलं. पण फ्लॅगला मुदत असते, दोनचार आवृत्त्यांनंतर तो दरवाजाच भिंत होतो. याउलट त्याच वर्षी ॲपलनं सफारीची पत्त्याची पट्टी खाली आणली, चाचणीच्या आवृत्तीतच आरडाओरडा झाला, आणि अखेर वर की खाली हे ज्याचं त्यानं ठरवावं अशी सोय ठेवली. विचारून हलवलं म्हणता येणार नाही, पण हलवल्यावर ऐकलं तरी.

झेरॉक्सवाल्या पोरानं अपडेट केलंच नव्हतं, असं तो नंतर शपथेवर सांगत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. यात लोक हमखास फसतात. मेनू बदलायला अपडेट लागतंच असं नाही. नवा आणि जुना दोन्ही मेनू एकाच आवृत्तीत भरून आलेले असतात. कुणाला कोणता दाखवायचा ती कळ कंपनीकडं असते. आधी थोड्यांना दाखवायचा, मोजायचं, मग वाढवायचं. त्यामुळं एकाच दुकानात मालकाच्या फोनात जुना मेनू आणि पोराच्या फोनात नवा, आवृत्तीचा आकडा मात्र शेवटच्या टिंबापर्यंत तोच. मालक म्हणतो, "माझ्यात हाय की, तूच कायतरी दाबलंयस." भांडण लागतं ते इथं. प्ले स्टोअरमध्ये जाऊन त्या ॲपच्या पानावरची 'आपोआप अपडेट'ची टिक काढली तरी म्हणूनच उपयोग होईल याची खात्री नाही. आणि ती महिनोन्महिने काढून ठेवूही नये; मेनूबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, आणि याच फोनात बँकही असते. जुनी आवृत्ती कुठूनतरी उतरवून बसवायची म्हणाल तर अँड्रॉइड नव्यावर जुनी चढू देत नाही. आधीची काढावी लागते, तिच्याबरोबर उघडे टॅब आणि सिंक न केलेले पासवर्डही जातात. भिंगासाठी घर पाडण्यातला प्रकार.

मग करायचं काय? प्रिंट हवं असेल तर शेअरमध्ये जाऊन ओळ शेवटपर्यंत डावीकडं सरकवायची, तिथं प्रिंट असतं. प्रिंटरच्या नावाच्या जागी 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' निवडलं की कागद न घालवता पान हातात. रोज लागत असेल तर आणखी एक युक्ती आहे. कोणत्याही पानाचा बुकमार्क करायचा, मग त्याचं संपादन उघडून पत्ता पुसायचा आणि तिथं इंग्रजीत जावास्क्रिप्ट, कोलन, विंडो, टिंब, प्रिंट आणि शेवटी रिकामा कंस, असं लिहायचं. नाव द्यायचं एखादं सोपं, 'छापा' वगैरे. पाहिजे त्या पानावर असताना पत्त्याच्या पट्टीत 'छापा' टाइप करायचं आणि खाली सुचवण्यात तो बुकमार्क आला की त्यावर बोट. क्रोममध्ये हे चालतं. बुकमार्कच्या यादीत जाऊन दाबलं तर चालत नाही, आणि तोच मजकूर थेट पट्टीत चिकटवला तर सुरुवातीचा 'जावास्क्रिप्ट' शब्द ब्राउझर मुद्दाम गाळून टाकतो. मेनूत एक शब्द होता त्याच्यासाठी एवढं नाटक. डेस्कटॉप साइटची टिक मात्र साइटनिहाय लक्षात राहते, एकदा करून सोडून द्यायची. ती केल्यावर काय होतं तेही समजून घेतलेलं बरं. ब्राउझर साइटला आपण कॉम्प्युटर असल्याचं सांगतो आणि पान ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो, म्हणून कापला गेलेला तक्ता पूर्ण दिसतो आणि अक्षर बारीक होतं. दोनदा टिचकी मारून दुसऱ्या टिचकीला बोट न उचलता वरखाली ओढलं की एकाच बोटानं झूम होतं. केएमटीतल्या बाईला हे उपयोगी.

आणि भिंगाबद्दल, तक्रार बाजूला ठेवून. ते हाताशी असतं तरी मराठी यादीत सरळ सापडेल याची हमी नाही. आबांचं आडनाव आठव्या पानावर निघालं ते 'पाटिल' असं, ऱ्हस्व. पोरानं दीर्घ टाकून शोधलं असतं तर शून्य आलं असतं आणि आबा नाव नाही म्हणून परत गेले असते. मराठी शोधताना पूर्ण शब्द टाकू नये. वेलांटी-उकाराच्या आधी थांबावं. 'पाट' टाका, 'चौग' टाका, मग खालच्या बाणानं एकेक बघत चला. ऱ्या-ऱ्ह आला की आणखी घोळ. तो 'ऱ' एका कीबोर्डवर अख्खं एक अक्षर असतो, दुसरीकडं 'र'ला खाली टिंब जोडून केलेला, तिसरीकडं 'र'चा पाय मोडून मधे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला तिन्ही एकच, शोधणाऱ्याला कधी एक कधी तीन. 'ॲड'मधल्या ॲचीही तीच कथा. आणि पान जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून चढवलेलं असलं तर वर मराठी दिसतं पण खाली इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तिथं 'पाटील' कोणत्याही वेलांटीनं मिळत नाही. अशा वेळी गट नंबर किंवा खात्याचे शेवटचे चार आकडे शोधावेत, तेही एकदा मराठी अंकात आणि एकदा इंग्रजी अंकात. स्कॅन केलेली यादी असेल तर भिंग कामाचं नाही, आबांचं बोटच खरं.

एक गोष्ट मात्र खटकत राहते. नव्या मेनूत शब्द कमी आणि चित्रं जास्त. चित्र सगळ्यांना कळतं असं म्हणतात. पण चौकोनातून वर जाणारा बाण म्हणजे शेअर, आणि खाली आडव्या रेघेवर येणारा बाण म्हणजे डाउनलोड, हे कुणाला आपोआप कळतं? 'पानात शोधा' हे आबांना कुणी वाचून दाखवलं असतं तर कळलं असतं. भिंग म्हणजे त्यांच्या लेखी चष्मा विसरल्यावर पेपर वाचायची काच. शब्दाची अडचण अशी की ब्राउझर बदलला की शब्दही बदलतो. एकात 'पान', दुसऱ्यात 'पेज', तिसऱ्यात 'पृष्ठ'. म्हणून ही पोरं फोनची भाषा इंग्रजीच ठेवतात, वाचता येवो न येवो, निदान आकार ओळखीचा राहतो. मराठीत मेनू आहे आणि मराठी माणूस तो वापरत नाही, याची मोजणीही कुठंतरी होतच असणार.

पंधरा दिवसांनी त्या दुकानात काउंटरच्या काचेखाली एक कागद दिसला. झेरॉक्सच्या वाया गेलेल्या पानाची पाठकोरी बाजू, त्यावर निळ्या पेनानं: 'नाव हुडकायचं – खालची ३ टिंबं – रेघ धरून वर ओढ – साधने – भिंग.' त्याखाली 'प्रिंट – शेअर – लई डावीकडं.' वरच्या बाजूला आधीची एक ओळ होती, वरच्या कोपऱ्यातल्या टिंबांची, ती आडवी रेघ मारून खोडलेली. पोरगा सुट्टीवर होता. मालक जाड चष्म्यातून तो कागद आणि आपला फोन आळीपाळीनं बघत उभे होते, कारण आता त्यांच्याही फोनात तो मेनू आला होता. समोर एक मावशी यादीतलं नाव बघायला थांबल्या होत्या. मालकांनी रेघ धरून ओढलं, पडदा मिटला. परत ओढलं.

"मावशी, बसा जरा," मालक म्हणाले. "का सगळी यादीच काढून देऊ?"